छोट्या लढाऊ रोबोटला सेफ्टी लिंक बसवताना

लढत संपते. रोबोट उलटा होऊन कोपऱ्यात पडलेला असतो. पातं थांबलेलं दिसतं, पण आतली बॅटरी अजून जोडलेली असते आणि एक चाक मधूनच झटका देतं. पॉलिकार्बोनेटचं दार उघडतं आणि टीममधला एक जण आत जातो. हाताला घाम आलेला असतो, बाहेर पुढची जोडी रोबोट घेऊन ताटकळत असते. आता त्याला एकच काम करायचं असतं. रोबोटच्या पाठीतून लाल रंगाचा एक बोटभर तुकडा ओढून काढायचा. तो तुकडा म्हणजे सेफ्टी लिंक. तो चटकन निघणार की अडकून बसणार, हे महिनाभर आधी सोल्डरिंगच्या टेबलावर ठरून गेलेलं असतं.

कॉलेजच्या टीम वेपनच्या पात्यावर आणि मोटरवर दोन-दोन महिने खर्च करतात. लिंक मात्र स्पर्धेच्या आदल्या रात्री, जिथे जागा उरली तिथे खुपसतात. गेली काही वर्षं मी अशा टीमबरोबर काम करतो आहे. आता मी त्यांना कागदावर रोबोट काढतानाच विचारतो, लिंक कुठे आहे ते दाखवा. ती बसवायची म्हणजे काय करायचं, ते इथे सांगतो. एक पौंडाचा म्हणजे ४५४ ग्रॅमचा अँटवेट आणि तीन पौंडांचा म्हणजे १.३६ किलोचा बीटलवेट, असे दोन छोटे गट डोळ्यांसमोर ठेवले आहेत. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमधल्या रोबोवॉर्समुळे पंधरा, तीस, साठ किलोंचे रोबोट अनेकांनी पाहिले आहेत. तत्त्व तिथेही हेच आहे, फक्त तारा आणि कनेक्टर जाड होतात.

स्विच का नको?

लिंक म्हणजे बॅटरीच्या पॉझिटिव्ह तारेत मुद्दाम ठेवलेला खंड आणि तो खंड जोडणारा, हाताने काढता येणारा तुकडा. एका कनेक्टरच्या दोन्ही पिना तारेच्या छोट्या लूपने एकमेकींना जोडल्या की लिंक तयार झाली. ती लावली की रोबोट जिवंत, काढली की मेला.

हेच काम स्विचने होणार नाही का, असं प्रत्येक नवी टीम विचारते. बाजारात सहज मिळणारे छोटे टॉगल किंवा रॉकर स्विच दोन-तीन, फार तर पाच-सहा अँपिअरचे असतात. वेपनची मोटर फिरायला लागताना वीस अँपिअर ओढते, तेव्हा त्यांचे कॉन्टॅक्ट चिकटून बसतात. मग दांडी ‘बंद’कडे असते आणि वीज वाहतच राहते. शिवाय समोरच्याचा फटका बसला की दांडी आपोआप हलू शकते. काही ठिकाणी अॅलन की घालून फिरवायचा स्क्रूचा स्विच चालतो आणि तो विजेच्या दृष्टीने चांगलाही असतो, पण घाईच्या वेळी त्या बारीक भोकात की घालणं प्रत्येकाला जमत नाही.

याहून मोठं कारण वेगळं आहे. आपल्याकडचे जुने वायरमन दुरुस्तीला हात घालण्याआधी किटकॅट फ्यूज उपसून खिशात ठेवायचे. फ्यूज खिशात आहे म्हणजे दुसरं कोणी येऊन लाइन सुरू करू शकत नाही, याची खात्री त्यांना स्वतःच्या खिशात हात घालून करता यायची. लिंकही तशीच आहे. स्विच बंद आहे की चालू, हे वाकून बघावं लागतं. लिंक कोणाच्या तळहातावर आहे, हे दहा फुटांवरून दिसतं. पात्याचे स्क्रू आवळणाऱ्या मुलाने ती स्वतःच्या खिशात ठेवावी, टेबलावर नाही.

रोबोटच्या लढतींना आजचं रूप मिळालं ते १९९४ साली, मार्क थॉर्प यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्ट मेसनमध्ये भरवलेल्या ‘रोबोट वॉर्स’पासून. तेव्हापासून नियमावल्या वाढत गेल्या आणि लिंकबद्दलचा नियम जवळजवळ सगळीकडे आला. ब्रिटनमधल्या फायटिंग रोबोट असोसिएशनच्या नियमांनुसार लिंक वेपनपासून दूर असावी लागते आणि कोणत्याही हत्याराशिवाय निघावी लागते. अमेरिकेत अनेक स्पर्धा ज्या ‘स्पार्क’ नियमांवर चालतात, त्यांत रोबोट साठ सेकंदांच्या आत हाताने पूर्ण निष्क्रिय करता आला पाहिजे, असं म्हटलं आहे. तुमच्या स्पर्धेची नियमावली आधी वाचा. मात्र ‘साठ सेकंद’ वाचून निवांत होऊ नका. पाच सेकंदांत निघत नसेल तर ती लिंक चुकीच्या जागी आहे असं मी धरतो.

तारेत नेमकी कुठे

बॅटरीच्या कनेक्टरमधून लाल तार निघते. ती कुठेही फाटे फुटण्याआधी लिंकमधून गेली पाहिजे. लिंकच्या पुढे मग तिचे हवे तितके फाटे करा. एक वेपनच्या ईएससीला (म्हणजे मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरला), दोन चाकांच्या ईएससींना, एक दिव्याला. मी पाहिलेली नेहमीची चूक अशी की टीम आधी फक्त चाकांचा रोबोट बनवते, लिंक बसवते, आणि नंतर वेपन वाढवताना त्याची तार सरळ बॅटरीच्या कनेक्टरवर सोल्डर करते, कारण तिथे हात पोचतो. मग लिंक काढली की चाकं थांबतात, आणि सगळ्यात घातक भाग जिवंत राहतो. वायरिंगमध्ये बदल केला की लिंकची तपासणी पुन्हा पहिल्यापासून करायची.

निगेटिव्ह तार तोडूनही सर्किट तुटतंच की, असं कोणी म्हणेल. कागदावर ते खरं आहे. पण छोट्या रोबोटमध्ये प्रत्येक ईएससीची काळी सिग्नल वायर रिसिव्हरपाशी एकत्र येते. एखाद्या फाट्याची निगेटिव्ह तुटली तर मोटरचा करंट त्या केसासारख्या बारीक वायरमधून परतीची वाट शोधतो, आणि रिसिव्हर जळतो. लाल तारच तोडा.

कनेक्टर निवडताना

छोट्या रोबोटांत दोन कनेक्टर चालतात, एक्सटी-३० आणि एक्सटी-६०. अॅमास कंपनीच्या मूळ कनेक्टरांची क्षमता अशी धरतात: एक्सटी-३० सलग १५ अँपिअर आणि क्षणभर ३०, तर एक्सटी-६० सलग ३० आणि क्षणभर ६०. अँटवेटमध्ये समजा चाकांच्या दोन मोटर अडकल्यावर दीड-दीड अँपिअर घेतात आणि वेपन सुरुवातीला वीसपर्यंत जातं. एकूण तेवीस, तेही एक-दोन सेकंद. एक्सटी-३० पुरतो. बीटलवेटमध्ये वेपन ४० आणि चाकं पाच-पाच धरली की ५० होतात. तिथे एक्सटी-६० घ्या. एक्सटी-६०ची जोडी सात-आठ ग्रॅम भरते, एक्सटी-३०ची त्याच्या निम्म्याहून कमी. अँटवेटमध्ये हा फरक जाणवतो, म्हणून तिथे उगाच मोठा कनेक्टर लावण्यात अर्थ नाही.

पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे कनेक्टर डब्यांतून सुटे मिळतात. नकली माल बराच असतो. घेताना दोन जोड्या तिथेच लावून आणि काढून बघा. मेल पिना ढिल्या हलत असतील, किंवा प्लास्टिकवर सोल्डरिंग आयर्नचं टोक लागताच ते लोण्यासारखं मऊ पडत असेल, तर तो कनेक्टर लिंकसाठी वापरू नका.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः हा लेख लिहितो आहे, तिच्याकडे येतो.

एका स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी आमच्या टेबलावर चार्ज केलेली बॅटरी ठेवलेली होती आणि शेजारी लिंक. बॅटरी एक्सटी-६०ची, लिंकही एक्सटी-६०ची. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीला कोणीतरी पलीकडून सांगितलं, “लिंक लावून ठेव गं.” तिने लावली, बॅटरीला. कनेक्टर अगदी सहज, जागेवर बसला. पांढरा चमकारा, तेलात काही करपल्यासारखा वास, आणि तिच्या हातातून लिंक उडाली. लूपचं सोल्डर वितळून तार सुटली म्हणून आग लागली नाही. बॅटरी फुगली. तिच्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर मोठे फोड आले.

काय झालं ते बघा. लिंक म्हणजे दोन पिना थेट जोडलेला कनेक्टर. तो बॅटरीत घातला की पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह एकमेकांना भिडले. तीन सेलचा लायपो पॅक पूर्ण चार्ज असताना १२.६ व्होल्टचा असतो. बॅटरी, तारा आणि कनेक्टर मिळून दशांश ओहम रोध धरला तरी १२६ अँपिअर होतात. त्या मुलीची चूक नव्हती. एकमेकांत बसणाऱ्या दोन गोष्टी तिच्यासमोर ठेवल्या होत्या, आणि त्या एकमेकांत बसणार नाहीत असं बघणं माझं काम होतं.

उपाय सोपा आहे आणि त्याला जास्तीचा पैसा लागत नाही. बाजारातल्या बॅटऱ्यांवर फिमेल कनेक्टर असतो, म्हणजे आत दोन भोकं असलेला भरीव ठोकळा. लिंकलाही फिमेलच लावा. रोबोटच्या अंगावर मेल, म्हणजे पोकळ कवचाच्या आत दोन सोनेरी टोकं असलेला भाग, पक्का बसवा. आता लिंक बॅटरीत जाऊच शकत नाही, कारण भोकात भोक बसत नाही. लिंक चुकून ईएससीच्या वायरला लावली तरी तिथे बॅटरी नसल्यामुळे काही होत नाही. बॅटरी चुकून लिंकच्या खाचेत लावली, तरी करंटला परतीची वाट नसते. शक्य असेल तर यावर आणखी एक पाऊल टाका आणि बॅटरीला एक्सटी-६०, लिंकला वेगळ्या आकाराचा कनेक्टर ठेवा. पण मेल-फिमेलची अदलाबदल तरी केलीच पाहिजे.

याची एक किंमत आहे. लिंक काढल्यावर रोबोटच्या खाचेत दोन उघड्या पिना राहतात. त्यांतली एक थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडलेली आहे, दुसरी सगळ्या ईएससींना. खाचेत धातूचा कीस किंवा तुटलेला स्क्रू पडून त्या दोन पिना जोडल्या गेल्या, तर रोबोट लिंकशिवाय जागा होईल. पिटमध्ये, म्हणजे टीमच्या दुरुस्तीच्या टेबलांपाशी, लोखंडाचा कीस सगळीकडे उडत असतो. म्हणून खाचेसाठी थ्रीडी प्रिंटरवर एक छोटं टोपण काढा आणि लिंक निघाली की टोपण लावा. शिवाय टेस्टिंग आणि लढत सोडून इतर वेळी बॅटरी रोबोटमध्ये जोडलेली ठेवूच नका. लिंक काढली म्हणजे बॅटरी काढली असं होत नाही.

जागा

कनेक्टरचा प्रश्न सुटला की खरी कसोटी जागेची. रोबोट टेबलावर ठेवा आणि वेपनचं पातं फुटलं तर त्याचे तुकडे कोणत्या दिशेने उडतील ते बोटाने दाखवा. आडवं पातं असेल तर ती पूर्ण चकती झाली. उभा ड्रम असेल तर त्याच्या पुढची आणि वरची पट्टी. लिंककडे जाणारा हात, कोपरापासून बोटांपर्यंत, या भागातून जाता कामा नये. हात रोबोटवरून पलीकडे नेऊन लिंक काढावी लागत असेल, तर लिंक कितीही सुबक असो, ती जागा बदला.

बहुतेक रोबोटांत उत्तर मागच्या भिंतीत सापडतं. तिथे एक फायदा आणखी असतो: रोबोट सुलटा असो की उलटा, मागची भिंत हाताला सारखीच लागते. वरच्या पट्टीवर बसवलेली लिंक रोबोट पालथा पडला की जमिनीला चिकटते, आणि मग जिवंत रोबोट हाताने उलटवावा लागतो. ते काम कोणावर येऊ देऊ नका. ओढण्याची दिशा सरळ मागे असावी, म्हणजे ओढताना हात वेपनपासून आपोआप दूर जातो. चाकापासून तीनएक बोटं अंतर ठेवा. बोटं टायरवर टेकून लिंक ओढायची वेळ आली आणि चाकाने झटका दिला, तर हात आत खेचला जातो.

लिंकचं डोकं भिंतीच्या बाहेर येऊ देऊ नका. समोरच्याचं पातं घासून गेलं तर लिंक उपटली जाईल आणि तुम्ही लढत तिथेच हराल. ती भिंतीच्या पातळीपेक्षा चार-पाच मिलिमीटर आत ठेवा आणि भोवती बोटं जातील एवढी खोलगट जागा करा. त्यावर टीपीयू या लवचीक प्लास्टिकची झडप बसवा, जी एका बाजूला बिजागरीसारखी वाकते आणि दुसऱ्या बाजूला खटकन अडकते. घाई असेल तर मजबूत टेपची एक पट्टीही चालते, फक्त तिचं एक टोक दुमडून ठेवा, म्हणजे पकडायला जागा राहते. झडपेला स्क्रू नको. स्क्रू आला की हत्यार आलं.

रोबोटच्या बाजूचा मेल कनेक्टर गरम गोंदावर सोडू नका. लढतीत ईएससी तापतात, तो गोंद मऊ पडतो, आणि मग लिंक ओढली की कनेक्टरही तारांसकट बाहेर येतो. स्क्रूची भोकं असलेला पॅनेलवर बसवायचा एक्सटी-६० मिळतो, तो बीटलवेटमध्ये फार उपयोगी पडतो. अँटवेटमध्ये कनेक्टरच्या मापाची खाच चॅसिसमध्येच प्रिंट करा, आत एपॉक्सीने बसवा, आणि मागून एक आडवी पट्टी द्या, म्हणजे दाबताना तो आत सरकणार नाही. लिंक लावताना जोर आतल्या दिशेने लागतो हे अनेक जण विसरतात.

जागा ठरली की पक्कं करण्याआधी एक चाचणी घ्या. पिटमध्ये वापरता ते चामड्याचे जाड हातमोजे घाला, डोळे मिटा, आणि लिंक काढून दाखवा. हे ज्याने रोबोट बनवला त्याने करून उपयोग नाही. टीममधल्या ज्याचे हात सगळ्यात मोठे आणि ज्याला रोबोटची सगळ्यात कमी माहिती आहे, त्याला करू द्या.

सोल्डरिंग

अँटवेटला १८ गेजची, बीटलवेटला १६ किंवा १४ गेजची सिलिकॉन वायर पुरते. लूपला मुख्य तारेइतकीच जाड वायर हवी, बारीक नको. लिंकसाठी वायर लांबली तर ताकद जाईल अशी भीती घालतात, तिचा हिशोब करू. १८ गेजच्या वायरचा रोध मीटरला साधारण २१ मिलिओहम असतो. जास्तीची वीस सेंटिमीटर लागली तर चार मिलिओहम झाले. वीस अँपिअरला त्यात व्होल्टचा दहावा हिस्साही जात नाही. चांगल्या जागेसाठी एवढी किंमत मोजायला हरकत नाही. त्याहून लांब मात्र नेऊ नका, कारण बॅटरी ते ईएससी अंतर फार वाढलं की ईएससीच्या कपॅसिटरवर ताण येतो.

सुरुवात बॅटरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून करा. बॅटरीचाच कनेक्टर बदलायचा असेल तर दोन्ही तारा एका कात्रीत कधीही कापू नका. पक्कडीचं पातं लोखंडाचं आहे, तेच शॉर्ट करतं. एक तार कापा, सोल्डर करा, स्लीव्ह चढवा, आणि मगच दुसरीला हात लावा.

साठ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, साधारण ३५० अंश. छोट्या पंचवीस वॅटच्या आयर्नने कनेक्टरची पिन तापायलाच इतका वेळ लागतो की तोवर प्लास्टिक वितळतं आणि पिन तिरकी होते. सोल्डर करताना कनेक्टरमध्ये त्याचा सुटा जोडीदार खोचून ठेवा, म्हणजे पिना सरळ राहतात आणि थोडी उष्णता तो शोषून घेतो. पिनेच्या वाटीत आधी सोल्डर भरा, तारेच्या टोकाला फ्लक्स लावून सोल्डर चढवा, मग वाटी पुन्हा वितळवून तार आत बुडवा आणि गार होईपर्यंत हात हलू देऊ नका. जोड चकचकीत आणि गुळगुळीत दिसला पाहिजे. भुरकट, खडबडीत दिसला तर पुन्हा करा. गार झाल्यावर जीव खाऊन ओढा. आत्ता निघाला तर बरंच झालं.

लूपसाठी चार-पाच सेंटिमीटरची तार यू आकारात वाकवली की पुरे. ओढायला लूपच धरतात, आणि प्रत्येक वेळी सोल्डरच्या जोडावर ताण येतो. म्हणून कनेक्टरच्या अंगाला धरणारी एक मूठ प्रिंट करा, लूप तिच्या पोटात राहू द्या, आत एपॉक्सी भरा. मुठीला बोट अडकेल असं भोक ठेवा. रंग लाल किंवा भगवा, रोबोटमध्ये इतरत्र कुठेही नसलेला. लांब रिबन बांधण्याचा मोह टाळा. ती पात्यात गुंतते.

वारंवार काढ-घाल करून एक्सटी-३०ची पकड सैल होते. मेल पिनेला मधोमध चीर असते. त्या चिरेत पातळ ब्लेड घालून केसभर फाकवलं की पकड परत येते. हे करताना बॅटरी बाहेर हवी, कारण ती पिन रोबोटच्या अंगावर आहे.

दिवा

मुख्य वीज चालू आहे हे बाहेरून दाखवणारा दिवा बहुतेक नियमावल्या मागतात. तो लिंकच्या पुढे, ईएससीच्या बाजूला जोडा. तीन सेलच्या बॅटरीवर साध्या एलईडीला १ किलोओहमचा रोध लावला की दहाएक मिलिअँपिअर मिळतात. चार सेलवर दीड किलोओहम लावा. लिंक काढल्यावर दिवा सेकंदभर मंद होत विझतो, कारण कपॅसिटरमध्ये उरलेली वीज संपायला तेवढा वेळ लागतो. एक लक्षात ठेवा, दिवा बंद दिसणं हा रोबोट मेल्याचा पुरावा नाही. फटका बसून एलईडी तुटतो. लिंक हातात असणं, हाच पुरावा.

पहिल्यांदा वीज देताना

बॅटरी न जोडता मल्टिमीटर घ्या. लिंक लावून बॅटरीच्या कनेक्टरची लाल बाजू आणि ईएससीची लाल बाजू तपासा, सलग बीप यायला हवा. लिंक काढा, बीप थांबला पाहिजे. हे प्रत्येक ईएससीपाशी करा, एकाच ठिकाणी करून थांबू नका. मग लिंक लावून बॅटरीच्या कनेक्टरच्या लाल-काळ्यावर तपासा. इथे कपॅसिटर भरताना क्षणभर चिवचिवाट ऐकू येईल, पण बीप सलग राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

यानंतरही मी पहिल्यांदा खरी लिंक लावत नाही. स्कूटरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब कोणत्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. त्याच्या दोन तारा लिंकसारख्याच एका सुट्या फिमेल कनेक्टरला सोल्डर करा. बॅटरी जोडा आणि लिंकच्या जागी हा बल्ब लावा. सगळं ठीक असेल तर बल्ब एकदा मिचकावून विझेल किंवा अगदी मंद राहील, आणि ईएससी आपली सुरुवातीची धून वाजवतील. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल, आणि करंट अँपिअरच्या आतबाहेर अडकून राहील. महागडा ईएससी वाचेल. चार सेलच्या बॅटरीवर हा बल्ब शॉर्टमध्ये जास्तच तापतो, तेव्हा दोन-तीन सेकंदांत काढून घ्या. बल्ब असताना मोटर फिरवायचा प्रयत्न करू नका, तेवढा करंट त्यातून जाणार नाही.

मग खरी लिंक. लावताना ‘टक्क’ असा आवाज होतो आणि बारीक ठिणगी दिसते. रिकामे कपॅसिटर एकदम भरतात त्याची ती ठिणगी. घाबरून अर्धवट टेकवून मागे घेऊ नका, प्रत्येक वेळी नवी ठिणगी पडून पिनेचं टोक काळवंडतं. एका दमात पूर्ण आत दाबा.

फेलसेफ, म्हणजे ट्रान्समीटरचा संपर्क तुटला की सगळं थांबवणारी सोय, तीही याच वेळी बघा. रोबोट ठोकळ्यावर, चाकं अधांतरी, वेपनचा बेल्ट काढलेला. मोटर चालू ठेवून ट्रान्समीटर बंद करा. सगळं थांबलं पाहिजे. थांबलं नाही, तर रिसिव्हरची सेटिंग सुधारल्याशिवाय बेल्ट चढवू नका.

अरीनात

स्पर्धेचा क्रम सांगितला असेल तर तोच पाळा. सांगितला नसेल तर माझा क्रम असा. वेपनला लॉक, म्हणजे पातं फिरू न देणारा अडसर, लावलेला रोबोट आत ठेवायचा. ट्रान्समीटर चालू, वेपनची काडी शून्यावर. मग लिंक, मागून, एका हाताने. दिवा लागला, ईएससी वाजले, चाकं दोन बोटं पुढे-मागे हलवून पाहिली. आता लॉक काढायचं, आणि ते मोजून स्वतःच्या हातात घेऊन बाहेर यायचं. लॉक आत विसरलेलं मी दोनदा पाहिलं आहे.

परतताना उलट. पातं पूर्ण थांबलेलं डोळ्यांनी बघायचं, कानांनी नाही. आधी लॉक, मग लिंक, आणि ट्रान्समीटर सगळ्यात शेवटी. ट्रान्समीटर आधी बंद केला आणि फेलसेफ बिघडलेला असेल, तर तुमचा हात आत असताना पातं सुरू होईल.

रोबोटमधून धूर येत असेल तर लिंककडे धावू नका. धूर ईएससीचा असेल तर लिंक काढल्याने तो थांबेल. पण लायपो आतून पेटली असेल तर लिंकचा काही उपयोग नाही. ती बॅटरी आपली आपणच जळते. थांबा, मागे व्हा, आयोजकांना वाळूची बादली आणू द्या. फुगलेली किंवा फटका बसलेली बॅटरी लढतीनंतर लगेच बाहेर काढा आणि उघड्यावर, धातूच्या डब्यात ठेवा. तिला पुन्हा चार्जर लावू नका.

लिंक नेहमी तीन बनवा, तिन्ही एकसारख्या. एक रोबोटसाठी, एक टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलेली, एक कप्तानाच्या बॅगेत. प्रत्येकीवर मार्करने रोबोटचं नाव लिहा, कारण पिटमध्ये शेजारच्या टेबलावर तुमच्यासारखीच लाल लिंक असते. आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी टीमला घड्याळ लावून उभं करा. रोबोट कधी सुलटा, कधी पालथा, कधी भिंतीला पाठ लावून ठेवा. भिंतीला पाठ लागलेला रोबोट हा सगळ्यात अवघड प्रकार, तेव्हा आधी लांब काठीने त्याला बाजूला घ्यायचं, हात घालायचा नाही. बॅटरी न जोडता प्रत्येकाने दहा-दहा वेळा लिंक काढायची. दहाव्या वेळी कोणाचा हात कुठून जातो ते बघत राहा, आणि एखाद्याचा जरी पात्यासमोरून गेला, तर झडप, खाच, जे काही बदलावं लागेल ते त्याच रात्री बदला.